विळीवर बसणारा

साकोलीच्या बाजारातला हा मासेवाला बोलता बोलता, खाली न पाहता मासा चिरतो. गुदद्वाराच्या कॅन्सरात त्याची शौचाची जागाच काढली, पोटावर कायमची पिशवी लागली. खालची जखम बुजवायला मांस मांडीचं घ्यायचं की पोटाचं, असं डॉक्टरांनी विचारलं. "पोटाचंच घ्या साहेब, मले विळीवर बसा लागते," हा म्हणाला.

वर्षभराने तो पुन्हा विळीवर बसला. गिऱ्हाईक दिसलं की साबण लावून कोपरापर्यंत हात धुतो. तरी लोक त्याच्या पोटाकडे बघत पुढे जातात. मीही "आज उपास आहे" म्हणतो आणि पलीकडच्या बाईकडून रोहू घेतो.

परवा माझ्या थैलीतून बाहेर आलेली शेपटी त्याने पाहिली.

"तिनं साफ नाई करून देल्लं, भाऊ? आना, मी करून देतो."