निवडुंगाआडचं वळण

इतकी वर्षं झाली, पण वडूज-औंध रस्त्यावरचा तो अपघात अजून मनातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मी तिथं नवा फौजदार होतो. उतारावरच्या एका वळणावर उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं बैलगाडीला धडक दिली. एक बैल जागीच गेला, गाडीवानाचा पाय मोडला. गाडीवान म्हणजे पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला पलटणीतला म्हातारा हवालदार. सगळ्या गावाचा त्याच्यावर जीव. ड्रायव्हर मोटार तिथंच टाकून पळाला आणि गाव काठ्या घेऊन त्याला शोधू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायांची हजेरी घेत होतो, तेव्हा ठाण्याच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. ती ड्रायव्हरची आई होती. आरोपीची खबर त्याच्या आईनंच द्यावी, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"लोणंदला मावशीकडं हाय त्यो," ती म्हणाली. "गावाला घावायच्या आदी तुमीच आणा."

जमादारानं त्याला आणलं. तो दारू प्यायला होता असा बोभाटा होता, पण मोटारीतले उतारू तसं म्हणेनात. मी त्याला चहा पाजला आणि उलटसुलट विचारलं. दर वेळी एकच उत्तर: हॉर्न दिला होता. त्या जागी पूर्वीही अपघात झाल्यानं 'हॉर्न वाजवा' अशी पाटी लावलेली होती, आणि त्यानं पाटीपाशीच हॉर्न दिला होता म्हणे. माझा विश्वास बसेना.

मग साताऱ्याच्या इस्पितळात हवालदाराचा जबाब घ्यायला गेलो. हॉर्न ऐकू आला होता का, असं विचारलं.

"आला की," तो म्हणाला. "पर माज्याआदी बैलांनी ऐकला. बुजली आन् आडवीच घुसली. पोराला कशाला धरलंय?"

तिथं मला उलगडा झाला. वळणाच्या आतल्या अंगाला पुरुषभर उंच निवडुंग होता, त्यामुळे मोटार आणि गाडी एकमेकांना दिसतच नसत. पाटी नेमकी वळणावर. म्हणजे हॉर्न बैलांच्या कानाशीच वाजे. अपघात टाळायला लावलेली पाटीच बैल बुजवत होती. कासरे धरायला माणसं उभी करून पंचांसमोर हे पडताळलं. वळणावर हॉर्न दिला, तर बैल उधळू लागले. उताराच्या माथ्यावरून दिला, तर नुसते कान हलवून चालत राहिले.

पाटी माथ्यावर नेली, निवडुंग तोडला. आधीच्या अपघातांनंतर ड्रायव्हरांना दंड करून झाला होता, शिपाई उभा करून झाला होता. शिपाई हलला की पुन्हा तेच. पुढच्या वळणावरचा निवडुंग मात्र शेतमालकानं तोडू दिला नाही. बाजाराच्या दिवशी तिथं गाड्या कलंडत राहिल्या, आमच्या वळणावर एकही नाही. शेवटी तो मालक स्वतःच कोयता घेऊन आला.

पळून गेल्याबद्दल ड्रायव्हरला दंड झाला. निष्काळजीपणाच्या आरोपातून कोर्टानं त्याला सोडलं. हवालदाराला इस्पितळातून घरी आणायला तोच गेला. दारात त्यानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "सावकाश रं गड्या. पळायची सवय हाय तुला." ड्रायव्हरची आई तोंडाला पदर लावून हसली.

पुढं नोकरीत अपघाताचा कागद आला, की माणूस धरायच्या आधी मी जागेवर जाऊन उभा राहू लागलो. आणि तिथं काही उपाय केला, तर काही महिन्यांनी पुन्हा जाऊन बघत असे, त्यानं माणसं वाचतात की नाही.