पाणराख्यांचा पहिला अंक

आजही ती घटना आठवली की आधी एक रबराची पट्टी डोळ्यांपुढे येते, आरोपी नंतर.

जुन्नर तालुक्यात माझी नेमणूक होती तेव्हा ओझरच्या खालच्या अंगाला नदीवरच्या पाण्याच्या मोटारींच्या केबल चोरीला जात होत्या. शेतकरी ठाण्यात येऊन बसत, आम्ही जाऊन पंचनामा करत असू आणि परत येताना शिव्या खात असू. पण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट मला खटकत होती. चोर केबल तोडून नेई आणि मागे राहिलेल्या टोकाला ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळून, वर पिवळ्या नायलॉन दोरीचे फेर देऊन जाई. मोटारी ऑटोवर असतात, आपोआप सुरू होतात. लाईट आली की तुटक्या टोकात करंट उतरतो आणि हात लावणारा जागेवर जातो. ज्याला तांबं पळवायचंय त्याला ही काळजी कशाला? शेतकऱ्यांचं लक्ष गेलेल्या केबलकडे असे, त्यामुळे हे कोडं माझ्या एकट्याचंच राहिलं.

खबर आणली ओझरच्या देवळाबाहेर हार विकणाऱ्या आमच्या खबऱ्याने. "साहेब, हितं चित्रांचं एक पुस्तक इकाया आलंय. केबलची चोरीच काढलीया त्यात. काढणाऱ्याला लई म्हायती दिसतीय!"

हवालदाराने एक प्रत आणून टेबलावर ठेवली. 'पाणराखे', अंक पहिला. गावाचं पाणी राखणारे चार वीर. एकीला बिबट्याची चाहूल कोसावरून लागते, दुसरी उसाच्या फडातून वाऱ्यासारखी पळते, एक आजोबा विहिरींशी बोलतात आणि चौथ्या वायरमनच्या अंगातून वीज खेळते. चौघं मिळून केबलचोरांना पिटाळतात. मी हसत हसत वाचायला घेतलं आणि चहा गार झाला तरी खाली ठेवलं नाही. शेवटाकडे मात्र हसू थांबलं. चोर पळालेत आणि तो वायरमन तुटक्या टोकाला काळी पट्टी गुंडाळतोय, वर पिवळी दोरी. फेरसुद्धा तेच. चोराचा हात मला हिरोच्या मनगटाला जोडलेला दिसत होता.

चित्रं काढणारी राजुरीकडच्या एका मळ्यात राहणारी तरुण बाई निघाली. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला कॉन्स्टेबलला घेऊन मीच गेलो. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने ओट्यावर चटई टाकली आणि विचारलं, "आवडलं का साहेब पुस्तक?"

"फार आवडलं ताई. हा वायरमन कोण?"

"त्यो व्हय? माझा भाऊ! फाट्याव मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय त्याचं." ती खुलली. "आमचे वडील नदीव गेले. कुणाची तरी तुटकी केबल पडली व्हती, लाईट आली आन् तिथंच... तवापास्नं भाऊ उघडं टोक दिसलं की गाडी थांबवून बांधतो. लोकाच्या रानातलं बी. म्हून त्यालाच हिरो केला."

 कॉन्स्टेबल मान खाली घालून चहा पीत राहिली.

पुस्तकातल्या चित्रावरून कुणाला अटक होत नसते. दुकानावर पाळत ठेवली. मागच्या बाजूला तांब्यासाठी केबल जाळल्याचे डाग सापडले, तेव्हा भावाला उचलला. आधी त्याने बरीच उडवाउडवी केली. "केबल सगळ्यांकडंच असती साहेब." मग मी अंक उघडून ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बहिणीचं पुस्तक अजून वाचलंच नव्हतं. वायरमनला आपलाच चेहरा दिलेला पाहून त्याने विचारलं,

"तिला कळलंय?"

"नाही."

"मग मीच सांगन. चला, माल दावतो."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आरोपीने काढून दिलेला माल टिकतो. त्याने दुकानामागे पुरलेलं तांबं पंचांसमक्ष काढून दिलं. ज्याने मोटारी दुरुस्त करायच्या त्यानेच केबल तोडायच्या, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. मी शेवटी न राहवून विचारलं, "मग टोकं का बांधत होतास?"

तो माझ्यावर चिडलाच. "चोरी केली साहेब, माणूस न्हवता मारायचा!"

गुन्हेगार त्याच्या चुकीवरून सापडतो असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. हा त्याच्या चांगल्या सवयीवरून सापडला. तेव्हापासून कुणाची चौकशी करताना मी त्याचा चांगुलपणाही तितक्याच बारकाईने पाहू लागलो. तो खोटा असतो म्हणून नव्हे. बहुतेक वेळा तो खराच असतो, आणि माणूस तरीही चोरी करतो.

अटकेनंतर ती बहीण ठाण्यात आली. रडून डोळे सुजले होते. तिने सरळ विचारलं, "मी त्याला हिरो केला नसता तर तुमाला घावला नसता ना?"

चौकशीत मी आरोपींना खूप थापा मारल्या आहेत. तिच्यासाठी एकही सुचली नाही.

"नसता, ताई," मी म्हणालो. ती उठून गेली.

निवृत्तीनंतर घरी टपालाने एक पाकीट आलं. आत दुसरा अंक होता, सोबत चिठ्ठी नाही. पाणराखे आता तिघंच आहेत. शेवटच्या चित्रात नदीकाठी तुटकं टोक उघडं पडलंय. उसातून पळणारी ती पोरगी थांबून त्याला रबराची पट्टी गुंडाळतेय, वर पिवळी दोरी, भावाचेच फेर. बाकीची दोघं तिच्या मागे उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली आहे.