खिडकीबाहेरची मुलाखत

"मान खाली. अजून खाली. हात जोडा. हं, आता बोला."

साहेब आत, पंख्याखाली, खुर्चीत. मी बाहेर व्हरांड्यात, चपला काढून, तापलेल्या फरशीवर. मधे गजांची खिडकी आणि तिच्यावर मच्छरांची हिरवी जाळी. जाळीत धूळ इतकी, की साहेबांचं तोंड मला पिठाच्या चाळणीतून बघितल्यासारखं दिसायचं. त्या चाळणीला हात जोडून मी म्हणत होते, "गुड मॉर्निंग सर, आय ॲम अ स्टाफ नर्स."

आणि मला ते आवडत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं माझ्याबद्दल उगाच आदर वाटायचा.

वय माझं पंचेचाळीसच्या पुढं. नवरा नाही. पोरगी बारावीला, माय माझ्याजवळ, आणि गोंदियातल्या एका दवाखान्यात जखमा धुण्याची नोकरी. या वयात परदेशातल्या एका हॉस्पिटलनं मला बोलावलं. पोरगी म्हणाली, "आई, त्यांनी तुझा फोटो बघितला नसेल." बघितला होता. पण पासपोर्टवर कामाच्या व्हिसाचा शिक्का पाहिजे, आणि त्या देशाची वकिलात आपल्याकडं हे काम करत नाही. मुलाखतीला तिसऱ्याच देशात जावं लागतं.

एकदा जाऊन आले होते. एजंटनं आम्हा सगळ्या नर्सना मिळून नेलं. काचेपलीकडं एक बाई बसलेली. ती विचारायची, मी मान खाली घालून माझ्या सँडलला उत्तर द्यायची. "लाउडर, प्लीज." पुन्हा, "लाउडर, प्लीज." सँडल काही मोठ्यानं बोलली नाही. बाकीच्यांना शिक्का मिळाला, मला नाही. हॉस्पिटलनं कळवलं, अजून एकदा थांबतो, मग जागा दुसरीला. पोरीचं पुढचं सगळं शिक्षण त्या एका जागेच्या भरवशावर.

म्हणून गोंदियाजवळच्या फुलचूरचे हे साहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, मुलगा-सून परदेशात. व्हिसाच्या मुलाखतीची तयारी फुकट करून घेतात अशी ख्याती. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या पायाची जुनी जखम आमच्या दवाखान्यात मीच धुवायचे, तेवढी ओळख.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या उघड्या दारात उभी होते. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं. आमचं आडनाव आमच्या भागात बऱ्याच जातींत सापडतं. साहेब थोडे अडले. मग गाव विचारलं.

"दरेकसा."

"दरेकशात कोणता टोला?"

आमच्याकडं गाव म्हणजे इकडे-तिकडे पसरलेले टोले. टोला सांगितला की बाकी काही सांगायचं उरत नाही. मला मात्र वाटलं, मुलाखत सुरू झाली. वकिलातीत हेही विचारत असतील. मी छाती काढून, इंग्रजीत, सांगितलं की गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडचा टोला. व्याकरणसुद्धा चुकलं नाही.

"बरं, बरं," साहेब म्हणाले. दार अर्धं लोटलं. "असं करा, तिथं खिडकीतूनच बोलावं लागतं. आपण सरावही खिडकीतूनच करू. तुम्ही बाहेरच थांबा."

काय डोकं आहे माणसाचं, असं मला वाटलं.

तशी मी जात राहिले. दर वेळी खिडकी. दर वेळी तोच धडा. वकिलातीतल्यांना नम्र माणसं आवडतात, डोळे वर करायचे नाहीत, विचारलं तेवढंच बोलायचं. मी निघाले की काकू, म्हणजे साहेबांची बायको, बादली घेऊन बाहेर यायच्या आणि मी उभी होते तिथं पाणी ओतायच्या. फाटकाबाहेर चपला घालताना मला ते खळखळणं ऐकू यायचं. काय स्वच्छ बाई, असं मला वाटायचं. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या आयाबायांना मी काकूंचं उदाहरणसुद्धा दिलं.

घरी भाकरी खाताना मी हे सगळं रंगवून सांगत होते. साहेबांचा आवाज काढला, काकूंची बादली काढली. पोरगी हसत होती. माय हसत नव्हती.

"खिडकी कायले?" तिनं विचारलं. "दार बंद होतं का?"

"तुले नाही समजत माय, तिकडं काचेची खिडकीच रायते."

"दरेकशात बी दुकानाले खिडकीच होती. आम्ही मोहफुलं खिडकीतून देत होतो. मोठे लोक आत गादीवर बसून रायत. आमच्या पदरात मीठ वरून टाकत." तिनं घास मोडला. "अन ते पाणी तू येतेस तवा टाकते, का जातेस तवा?"

"जाते तवा. लय साफसूफ बाई आहे."

"हो. लय साफ."

मी मायवर चिडले. तुला सगळीकडं तेच दिसतं, म्हणाले. आता जमाना बदलला, म्हणाले. आणखीही बरंच काही म्हणाले. मायनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

पुढच्या खेपेला मी व्हरांड्यात पाय ठेवला तर खिडकी बंद होती. काकू बाहेर आल्या. "सिस्टर, हे जरा कामात आहेत. आल्याच आहात तर सासूबाईंची पट्टी बदलून द्या ना. मागच्या गल्लीतून या, तिकडून सोपं पडतं."

मागची गल्ली, मोरी, धुण्याचा दगड, मग आजीची खोली. दवाखान्यात नेणं बंद केल्यापासून जखम चिघळली होती. पट्टी सोडली तसा वास खोलीभर झाला. काकू नाकाला पदर लावून बाहेर गेल्या. मी मेलेलं मांस काढलं, पू पुसला. आजीनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, सोडत नव्हती.

खोलीला लागूनच दिवाणखाना. मधे पडदा, पंख्याच्या वाऱ्यानं तो हलत होता. सोफ्यावर बाजारातल्या एका धान्य व्यापाऱ्याची मुलगी बसली होती. तिलाही परदेशात कुठं तरी नोकरीला जायचं होतं. पुढ्यात चहा, बिस्किटं. साहेब तिच्यासमोर, आणि मधे काहीच नाही. ना गज, ना जाळी.

"बेटा, मान वर," साहेब म्हणत होते. "आँख में आँख डालके. मोठ्यानं बोल. आपण भीक मागायला नाही चाललो."

माझा हात थांबला.

माझ्यासाठी मान खाली. तिच्यासाठी मान वर. दोघींना जायचं वकिलातीच्या खिडकीशीच. ज्या खाली घातलेल्या मानेनं माझा शिक्का गेला, तीच मान हा माणूस मला पुन्हा पुन्हा शिकवत होता. आणि मी ती शिकायला रिक्षा करून येत होते.

किळस आली. पुवाची नाही, पू धुण्यात माझं आयुष्य गेलं. या घराची आली. इथं माझे हात आजीच्या मांसापर्यंत चालत होते, पाय मात्र दिवाणखान्याच्या फरशीवर चालत नव्हते. आणि सगळ्यात जास्त माझी मला आली. खळखळ ऐकून खूश होणारी मी. दवाखान्यात बादलीचं कौतुक सांगणारी मी.

पट्टी पूर्ण बांधली. नीट बांधली. आजीचा हात हळूच सोडवला. मागच्या गल्लीनं बाहेर आले आणि घराला वळसा घालून पुढं गेले. दिवाणखान्याची ती खिडकी आता उघडली होती.

"हं, चला," जाळीतून आवाज आला. "उभ्या राहा."

शेजारी दार सताड उघडं होतं. मायनं विचारलं होतं तेच. दार बंद होतं का?

मी दारातून आत गेले. दिवाणखान्यातून चालत सोफ्यापाशी गेले आणि व्यापाऱ्याच्या मुलीशेजारी बसले. ती बिचारी सरकली, जागा दिली. बिस्किटाची बशीसुद्धा पुढं केली. पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"विचारा, साहेब," मी म्हणाले.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच जाळीशिवाय बघत होते. साधंच होतं. गालावर दाढीचा एक पट्टा राहून गेलेला.

"हे काय वागणं आहे? फुकट शिकवतो आहे मी तुम्हाला."

"काय शिकवता ते आत्ता ऐकलं. तिला शिकवता ते मला का नाही शिकवलं?"

"प्रत्येकाला आपापल्या जागेप्रमाणं शिकवावं लागतं."

"माझी जागा तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून घेतली. मी इंग्रजीत सांगितली. आता मराठीत सांगते. खालचा टोला, दरेकसा. पाठ करून ठेवा."

उठले. दाराशी काकू उभ्या होत्या.

"काकू, आज बादली आत आणा," मी म्हणाले. "सोफ्यावरही ओता. आणि आजीच्या पायावर ओतू नका, पट्टी ओली होईल."

घरी येऊन मायला सांगितलं. तिनं शाबासकी दिली नाही. "मंग चाय पेलीस का त्यायची?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. "बरं केलं."

आता सराव घरीच चालतो. माय खाटेवर बसून वकिलातीतली बाई होते. पोरगी इंग्रजीत प्रश्न विचारते. मायला त्यातलं काही कळत नाही, पण माझी मान जरा खाली गेली की ती खाटेच्या लाकडावर काठी आपटते.

पुढच्या आठवड्यात निघते. शिक्का मिळेल की नाही, मला माहीत नाही. त्या काचेबाहेर सगळ्यांनाच उभं राहावं लागतं, व्यापाऱ्याच्या मुलीलाही. तिथं मी उभी राहीन, आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलेन. पण जिथं शेजारी दार उघडं आहे, तिथल्या खिडकीशी आता उभी राहणार नाही. शिक्क्यासाठी नाही. पोरीसाठीसुद्धा नाही.

काकूंचा निरोप आला आहे, आजीची पट्टी सुटली म्हणून. मी कळवलं, दवाखान्यात आणा, हातातलं काम बाजूला ठेवून बांधीन. घरीच यायला हवं असेल तर घरीही येईन. फक्त माझे हात एकटे येणार नाहीत. ते माझ्या पायांसोबत येतील, आणि पाय पुढच्या दारानं येतील.