एक नंबर खालची स्प्रिंग

जोरदार स्प्रिंग मागायला आलेल्या माणसाला दटावून, समजावून, दोन कप कॉफी पाजून शेवटी एक नंबर खालचीच स्प्रिंग त्याच्या गळ्यात मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना स्वल्पअण्णा म्हणायचो. स्वल्प म्हणजे थोडं. बंगळुरात हा कानडी शब्द रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. अण्णांच्या तोंडी तो बहुतेक एकाच वाक्यात असे, पण ते वाक्य दिवसभर चालू असे. "स्वल्प कमी घे."

एअरसॉफ्ट हा आमचा रविवारचा खेळ. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात आठवडाभर खुर्चीत बसून पाठ धरलेली आम्ही मंडळी मारतहळ्ळीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात जमायचो आणि खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडायचो. या बंदुकीच्या पोटात एक मोटर असते, ती गिअर फिरवून स्प्रिंग मागे ओढते. स्प्रिंग सुटली की तिच्यापुढचा दट्ट्या हवेला धक्का देतो आणि गोळी निघते. म्हणजे सगळा जोर त्या वीतभर स्प्रिंगचा. तिच्यावर नंबर असतो, नव्वद, शंभर, एकशेदहा, एकशेवीस. नंबर मोठा तशी गोळी वेगवान. साहजिकच नव्या खेळाडूला खेळ यायच्या आधी मोठा नंबर हवा असतो. मलाही हवा होता.

अण्णा आमच्यातले वयाने सगळ्यात मोठे, म्हणजे आमच्या वडिलांच्या वयाचे. एका सरकारी कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्प्रिंगांचं डिझाइन करण्यात घालवली होती आणि हे ते भेटल्यावर पाच मिनिटांच्या आत सांगत. परदेशी निघालेल्या भाच्याने एक बंदूक त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी टाकून दिली, ती यांनी उघडून बघितली, आणि निवृत्तीनंतर करायचं काय हा प्रश्न सुटला. त्यांच्या मागच्या व्हरांड्यातल्या टेबलावर मग हळूहळू आम्हा सगळ्यांच्या बंदुका येऊ लागल्या. घरात मराठी, दारात कानडी आणि कारखान्याची इंग्रजी अशी त्यांची भाषा होती. विनय हा गुण मात्र तिन्ही भाषांत त्यांच्याकडे नव्हता.

खेळाडू म्हणून ते अगदीच यथातथा. पिंपाच्या मागे लपायचे आणि तिथून शेजाऱ्याला दट्ट्याच्या रबरी कडीविषयी माहिती द्यायचे. शत्रूला त्यांना शोधावं लागत नसे, आवाजाच्या दिशेने चालत गेलं की झालं. पण त्यांच्यासारखा प्रामाणिक गडी मी पाहिला नाही. या खेळात गोळीचा कपड्यावर डाग पडत नाही. आपल्याला लागली हे आपणच ओरडून सांगायचं आणि बाहेर जायचं, एवढ्यावरच सगळा खेळ उभा असतो. अण्णा तर गोळी कानाजवळून गेली तरी "लागली" म्हणून हात वर करून निघायचे. एकदा कुणीतरी तक्रार केली, की समोरचे लोक लागलेली कबूल करत नाहीत म्हणून मला मोठी स्प्रिंग हवी. अण्णा म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला जोरात मारलंस तर तो जोरात खोटं बोलेल." स्प्रिंग अर्थातच मिळाली नाही.

स्प्रिंग निवडायची त्यांची एक रीत होती. आधी बंदूक उघडायची, पुढच्या नळीवर बोट ठेवायचं आणि दट्ट्या दाबून हवा कुठून निसटते ते बघायचं. दहापैकी नऊ जणांची बंदूक कमजोर नसते, गळकी असते, असं त्यांचं मत होतं. "बादली गळतेय, आणि तू मोठा नळ मागतोयस," हे त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं. गळती बंद झाली की बहुतेकांचं काम होऊन जाई. त्यातूनही कुणी हटून बसलाच, तर नवी स्प्रिंग ते रात्रभर दाबून ठेवत आणि मगच बसवत. नवा नोकर पहिल्या आठवड्यात जरा जास्तच धावतो, त्याचा तो वेग खरा धरू नये, असं त्यांचं म्हणणं. खेळ संपल्यावर बंदुकीतली ताणलेली स्प्रिंग मोकळी केल्याशिवाय ते कुणाला गाडीत बसू देत नसत. तिलाही रविवार आहे, म्हणायचे.

आमचा शंतनू नागपूरचा. त्याला कुठलीच गोष्ट मिळमिळीत चालत नाही, स्प्रिंग तरी कशी चालावी. अण्णा देणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे त्याने सगळ्यात मोठ्या नंबरची स्प्रिंग परस्पर मागवली आणि व्हिडिओ बघून घरीच बसवली. दोन रविवार तो नुसता हवेत होता. तिसऱ्या रविवारी बंदुकीतून दळणाच्या गिरणीसारखा आवाज आला आणि ती बंद पडली. अण्णांनी वर्तमानपत्र पसरून ती उघडली, गिअरचे तुटलेले दाते एका बशीत काढले आणि बशी त्याच्यापुढे चिवड्यासारखी सरकवली. रागावले नाहीत. गिअर बदलले, गळकी कडी बदलली आणि स्प्रिंग घातली ती शंभरची. ती बंदूक पहिल्यापेक्षा सरळ आणि लांब मारू लागली, तेव्हापासून शंतनू त्यांचा भक्त झाला. दर रविवारी सकाळी मल्लेश्वरमहून त्यांना गाडीतून आणायचं काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतलं.

पण अण्णांची खरी खूण म्हणजे त्यांचा पाठीचा नियम. ज्याने नवी स्प्रिंग बसवून घेतली, त्याने जाकीट घालून, चष्मा लावून, ठरलेल्या अंतरावर पाठ करून उभं राहायचं आणि त्याच बंदुकीची एक गोळी आपल्या पाठीवर घ्यायची. मगच ती बंदूक मैदानात. "वाढणाऱ्याने आधी चाखावं," एवढंच त्यावर स्पष्टीकरण. कित्येकांचा मोठ्या नंबरचा हट्ट या एका गोळीत उतरला. आणि स्प्रिंग बसवणारा म्हणून दुसरी गोळी अण्णा स्वतः घेत. आम्ही नको म्हणायचो. ते पाठ करून उभे राहिलेले असत.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आले ते रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेऊनच. महिनाभराने मैदानावर हजर झाले, जणू काही मधे गावाला जाऊन आले होते. आम्हीही बावळट, आनंदाने खेळलो. पुढच्या आठवड्यात अक्कांचा मला फोन आला. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही. त्या म्हणाल्या, पाठीवर आणि दंडावर पेरूएवढे काळेनिळे डाग आहेत. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मार अजिबात नको. मी त्यांना खेळ बंद करायला सांगितलं तर दोन दिवस जेवले नाहीत नीट. व्हरांड्यात टेबलापाशी नुसते बसून राहतात. "बंद केला तर हा माणूस मनाने जाईल गं, आणि चालू ठेवला तर मला झोप नाही. तूच सांग काय करू."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमची खलबतं झाली. ठरलं असं, की आपण सगळ्यांनीच बंदुकीत नव्वदची स्प्रिंग घालायची. अण्णांना जाड जाकीट घालायला लावायचं आणि खरं कारण कळू द्यायचं नाही. त्याप्रमाणे शनिवारी आम्ही एकेक करून मल्लेश्वरमला गेलो. प्रत्येकाने वेगळं कारण सांगायचं होतं. पण ऑफिसात एकाच साच्यातून निघालेली माणसं आम्ही, सगळ्यांनी एकच सांगितलं, बॅटरी लवकर उतरते, म्हणून हलकी स्प्रिंग हवी. चौथ्या बॅटरीला अण्णांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

आम्ही सगळे व्हरांड्यात अपराध्यासारखे उभे. त्यांनी विचारलं, "हिने सांगितलं ना?" त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. वर्षानुवर्षं आम्हाला कमी घ्या म्हणून सांगणारा माणूस, आणि आज आम्ही खरोखर कमी मागायला आलो, तर तेच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"दया असली तर बेडा. मला नको," ते म्हणाले. "घरी जा सगळे."

शंतनू तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही नसलात तर आम्हाला कोणीच सहज सापडत नाही. मारायचं कोणाला आम्ही?"

अण्णा त्याच्याकडे बघून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. आम्हीही पुसले. पण इतक्यात अक्का स्वयंपाकघरातून आल्या. हात पुसले आणि म्हणाल्या, की हसणं झालं असेल तर आता मला दाखवा. नव्वद म्हणजे किती ते मला कसं कळणार? तुमचा नियम आहे ना, तो मलाही लावा.

अण्णा नको नको म्हणत असताना त्यांनी शंतनूचं जाकीट साडीवर चढवलं, डोळ्यांना चष्मा लावला आणि मागच्या अंगणात तुळशीच्या पलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बंदूक मी घेतली, तर म्हणाल्या, तू नाही, यांनीच मारायची. अण्णांनी बंदूक उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. त्यांनी नेम धरला तो इतका वेळ, की अक्का न वळता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून इतकं निरखून कधी बघितलं नव्हतंत." मग टप्प असा आवाज झाला. अक्का वळल्या आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. जा खेळायला. पण तुम्ही पाठीवर घ्यायची नाही. तुमच्या वाट्याची मी आत्ता घेतली."

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही नव्वदवर खेळलो. मजा अशी, की खेळ बिघडला नाही. गोळी लांब जात नसल्यामुळे जवळ जावं लागे, जवळ जायला डोकं लागे, आणि जवळून चेहरे दिसत असल्यामुळे भांडणं कमी झाली. आमच्या गटाच्या नियमांत तीच मर्यादा कायम झाली. अण्णा जाड जाकिटात घामाघूम होऊन पिंपामागे बसायचे आणि बोलत राहायचे. आम्ही त्यांना मुद्दाम शेवटी मारायचो आणि त्यांना ते कळत असे.

गेल्या पावसाळ्यात अण्णा-अक्का नाशिकला लेकीकडे गेले. जिने चढणं अण्णांना जमेना आणि दोघांनीच राहणं लेकीला पटेना. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. अण्णा गाडी हलेपर्यंत शंतनूला गिअरला ग्रीस किती लावायचं ते सांगत होते. अक्का माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी हात सोडला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आता गटात नवी मुलं आली आहेत. चांगली आहेत, पण नव्वदला कंटाळतात. दुसऱ्या मैदानांवर एकशेदहा चालते, आपणच म्हाताऱ्यांसारखं का खेळायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांचंही खरं आहे. अण्णांनाच विचारू, म्हणून मी नाशिकला फोन लावला. खरं तर ते खास त्यांच्या पद्धतीने झापतील आणि विषय मिटेल, अशी माझी आशा होती. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. मग शांतपणे म्हणाले, "वाढवा की आता. ती मर्यादा माझ्यासाठी होती. मी काही आता यायचा नाही." आवाजात दुःख नव्हतं, हिशेब पुरा केल्यासारखं बोलले. मी नुसतं "हो, बघते" म्हणून फोन ठेवला.

रविवारी सगळ्यांनी विचारलं, अण्णा काय म्हणाले. मी सांगितलं, वाढवू नका म्हणाले. शंतनूने माझ्याकडे एकदा पाहिलं. तो दर आठवड्याला त्यांना फोन करतो, त्याला खरं ठाऊक असणारच. पण तो मुलांकडे वळला आणि म्हणाला, ऐकलंत ना, नव्वद म्हणजे नव्वद. नंबर वाढवला, की अण्णा आता परत यायचे नाहीत हे आम्हीच ठरवून टाकल्यासारखं होईल, आणि ते ठरवायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नाही.