दोन-सहाचा हात

माझ्या सासूबाई कासारीण. घाटंजीच्या आठवडी बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली आणि त्या जागेवरचा नियमही ठरलेला, बांगडी भरताना साबण लावायचा नाही. साबण लावून काय, कोणीही बांगडी चढवतं, असं त्या नाक मुरडून म्हणायच्या. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायच्या, अंगठ्याखालचा मांसल भाग दोनदा दाबायच्या आणि माप सांगायच्या. दोन-चार म्हणजे लहान, दोन-सहा त्याहून मोठं, दोन-आठ आणखी मोठं. ते कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझा हात दाबला, "दोन-सहा" एवढंच म्हणाल्या आणि हिरव्याकंच डझनभर बांगड्या भरल्या. मी शाळेत शिकवते, फळ्यावर लिहिताना किणकिण होते, असं कारण सांगून मी त्या चौथ्या दिवशी उतरवल्या. कासारणीची सून मोकळ्या हातांनी गावातून फिरते ही गोष्ट त्यांनी अकरा वर्षं गिळली. एका शब्दानं मला बोलल्या नाहीत. अधूनमधून माझ्या मनगटाकडे बघून सुस्कारा टाकायच्या, तेवढंच. तो सुस्कारा मला फार लागायचा आणि मग मी विनाकारण भांडी आपटायचे.

मग त्यांचाच उजवा हात बिघडला. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना आधी मुंग्या यायच्या, पुढे ती बधिर झाली. त्यांनी वर्षभर लपवलं. गिऱ्हाइकांच्या हातांवर बांगड्या फुटायला लागल्या तेव्हा कुठे कबूल केलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबली आहे, छोट्या ऑपरेशननं ती मोकळी करता येईल. मुंग्या आणि ठणका जाईल, पण बोटांची जाण किती परत येईल ते आज सांगता यायचं नाही, कारण दाखवायला फार उशीर झालाय. परतताना एसटीत सासूबाईंनी मला सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत बोटं ठिकाणावर आली नाहीत तर बाजारातली जागा सोडून देणार. खिडकीबाहेर बघत बोलल्या.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. सकाळी गेलो, संध्याकाळी हाताला पांढरा गठ्ठा बांधून घरी आलो. टाके निघाले, ठणका खरंच गेला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले, बोटांवरून कापूस फिरवला आणि कळतंय का विचारलं. सासूबाई प्रत्येक वेळी हो म्हणाल्या. बाई खूश झाल्या, फाईलमध्ये चांगलं काहीतरी लिहिलं. मी मात्र शेजारी बसून बघत होते. म्हातारी पापण्या किलकिल्या करून चक्क चोरून पाहत होती. बाहेर आल्यावर मी चिडले, डॉक्टरला कोणी फसवतं का म्हणून.

"एवढ्या जिवानं केलं व तिनं," त्या म्हणाल्या. "नाई म्हटलं असतं तं तिले किती वाईट वाटलं असतं."

त्यानंतर आठेक दिवसांनी त्या बांगड्यांचा डबा घेऊन ओसरीवर बसल्या आणि खाली बघत माझ्याकडे साबण मागितला. रडू आलं की मला राग येतो, तसा आला. साबण मिळणार नाही, असं मी ठणकावलं आणि माझाच हात त्यांच्यापुढे केला.

तेव्हापासून रोज शाळेतून आले की हात द्यायचा. भरायच्या, उतरवायच्या, पुन्हा भरायच्या. चारातल्या दोन फुटायच्या. त्यांना काच कुठे अडते ते कळायचं नाही आणि मला चांगलंच कळायचं. मनगटांवर ओरखडे उठले. शाळेत मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, हे कोणी केलं? सासूबाईंनी, असं मी खरं ते सांगितलं. मोठ्या बाईंचा चेहरा बघून पुढचं सगळं सांगावं लागलं.

घरचं सगळं माझ्यावर आलं होतं. पहाटेचा स्वयंपाक, त्यांची वेणी, धुणं, शाळा, वह्या. त्या सारख्या म्हणायच्या, माझ्यापायी तुझे हाल. मी म्हणायचे, काही हाल नाहीत. सोयाबीन निघालं, कापूस फुटला, वेचणीच्या बाया घरी येऊन विचारू लागल्या की मावशी बाजारात कधी बसणार. सासूबाई हसून विषय बदलायच्या. बांगड्या आता कमी फुटत होत्या, पण त्या मान्य करायच्या नाहीत. ते माझ्या हाताला सवय झाली म्हणून, असं म्हणायच्या.

दिवाळीला चार दिवस उरले होते. मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांनी अंगठ्याखाली दाबलं आणि थांबल्या. हात सोडला, पुन्हा घेतला, या वेळी डोळे गच्च मिटून. मी त्यांच्या पापण्यांकडेच बघत होते, पण त्या चोरून पाहत नव्हत्या. तिसऱ्यांदा दाबताना त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. आज जागा सोडायचं बोलणार.

त्यांनी दोन-सहाच्या बांगड्या परत डब्यात ठेवल्या आणि दोन-चारच्या काढल्या.

"तुहा हात वाळला व," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं दोन-सहा होता. काहून सांगतलं नाई? जेवत नाई काय तू?"

घरात हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आरशात रोज बघून माझ्याही नाही. माझा हात अजून त्यांच्या त्याच तीन बोटांत होता.

"ऊठ," त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "पह्यले जेव. बांगड्या मंग भरतो."