सूर कुठे ठेवू?

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला जवळ घेतलं नाही. दाराबाहेरून नुसते ओरडले, "पोहोचली की फोन करजो!" शेजारची बाई दचकली, तिला वाटलं, रागावलेत. मला मात्र रडू आवरेना.

त्याला अकरा वर्षं झाली. आता मी परदेशात, यिशुनला राहते आणि पोटासाठी स्पॅनिश बोलण्यातले चढउतार मोजते. एकच वाक्य माणूस साहेबाशी, मित्राशी, आईशी बोलला तर आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, त्याच्या रेघा दिवसभर स्क्रीनवर तपासायच्या. माझी सहकारी लुसिया पेरू देशाची. नवऱ्याकडे पाणी मागताना तिचा सूर धपकन खाली येतो, बॉसकडे मागताना अलगद वर जातो. यावर आम्ही पेपर लिहितो.

आणि माझा सूर? तो कुणालाच पटत नाही! पहिल्याच वर्षी मॅनेजर म्हणाली, मीटिंगमध्ये तू चिडल्यासारखी वाटतेस. अहो, मी चिडले नव्हते, नागपूरची होते. तरी शिकले. आवाज खाली आणला, वाक्याचं शेपूट वर उचललं. ती सवय घरच्या फोनवर कधी शिरली, कळलंच नाही. एकदा मी "जय भीम, बाबा?" म्हणाले, तर ते तडकले, "जय भीम हा प्रश्न आहे काय? मले गिऱ्हाईक समजते का?" पुढे तीन आठवडे फोन आईनंच उचलला.

यंदा ते इथे आले. एका दुपारी न सांगता खाली उतरले आणि सारख्याच दिसणाऱ्या ब्लॉक्समध्ये हरवले. मोबाइल घरीच. मी आणि माझी लेक दोन तास वणवण फिरलो. शेवटी खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये सापडले, निवांत चहा पीत. माझं तोंड सुटलं, "सांगून जाता येत नाही? जीव घेता का माझा?" सगळी टेबलं वळली. लेक कानकोंडी झाली, इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट शाउट लाह!"

बाबांनी कप खाली ठेवला. "बोलू दे तिले," म्हणाले. "किती वर्षांनी माझी पोरगी ऐकून राहिलो."

मला आणखीच वैताग आला. एवढ्यासाठी माणसानं हरवायचं?

ते परत गेले. तुम्ही नागपूरकडचे विचारता, आता तुझं घर कोणतं? मी तिकडे आले की तुम्हीच म्हणता, किती हळू बोलतेस. मग ऐका. रोज संध्याकाळी मी खोलीचं दार लावते आणि बाबांशी फोनवर कडाकडा भांडते, गोळ्यांवरून, मिठावरून, कशावरूनही. तेवढी वीस मिनिटं मी घरी असते.