शिवलीलाक्कांची खोलगट बाग

मोठी सर आली की आमच्या पेठेतले दुकानदार शटर ओढायला धावत आणि शिवलीलाक्का मात्र साडी खोचून थेट रस्त्यात उतरत. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि गुडघाभर पाण्याला कानडीतून शिव्या! मी शेजारचा लग्नपत्रिकावाला. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

डोकं आमचं फिरलं होतं. दर दिवाळीला रंगकाम काढायचं आणि त्याबरोबर दुकानापुढचा ओटा विटेभर उंच करायचा, ही पेठेची रीतच झाली होती. पाणी आपल्या दारातून शेजाऱ्याच्या दारात, असं करत करत उतारावरच्या शेवटच्या दुकानात शिरायचं. ते दुकान अक्कांचं, सोलापुरी चादरींचं. लग्नसराईचा माल भिजला तेव्हा पुण्याहून त्यांचा मुलगा महेश आला. "आई, आता पुन्हा पाणी शिरलं तर दुकान विकायचं," त्यानं बजावलं. अक्कांनी शब्द दिला. नवऱ्याबरोबर उभं केलेलं दुकान सोडून फ्लॅटमध्ये बसायचं, या विचारानं त्यांचं जेवण कमी झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात महापालिकेचे एक तरुण इंजिनिअर आले. रस्त्याकडेला खोलगट वाफे करू, तळाला खडी-वाळू घालू, वर कर्दळ आणि वाळा लावू. पाणी तिथं थांबेल आणि मुरेल, असं त्यांनी समजावलं. "डास होतील," आम्ही एका सुरात म्हणालो. दिवसभरात पाणी जिरतं, हे सांगून ते बिचारे थकले.

अक्का उठल्या. "पावणा आला तर बसाया पाट देतो की न्हाय? मग पाण्यालाबी बसाया जागा द्या की!" दुसऱ्या दिवशी वाफ्याला जागा करायला त्यांनी स्वतःचा ओटा फोडला. मग एकेकाला गाठलं. मला म्हणाल्या, "तुझा वटा लई उंच झालाय बाळू. गिऱ्हाइकाला शिडी देतोस काय?" महिन्याभरात निम्म्या पेठेचे ओटे उतरले आणि वाफे हिरवे झाले.

इथं आम्ही खरा पराक्रम केला. अक्का अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला गेल्या असताना व्यापारी मंडळानं हौसेनं प्रत्येक वाफ्याभोवती छान टाइल्सचा कट्टा बांधला. झाड दिसलं की कट्टा बांधायचा आणि त्यावर वडिलांचं नाव कोरायचं, हे आपल्या रक्तातच आहे. अक्का परतल्या त्या दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"नावं लई झ्याक लिवलीत," त्या म्हणाल्या, "पर पाणी आत शिरतंय कुटनं?"

पाण्याला वाट ठेवायचंच आम्ही विसरलो होतो. अक्कांनी पहार मागवली. पहिल्याच कट्ट्यावर अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांचं नाव होतं. "अप्पा, माफ करा," म्हणत त्यांनी हात जोडले आणि बरोबर नावाखाली घाव घातला. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण दुसरी पहार त्यांनीच उचलली. शेवटच्या कट्ट्याला खिंडार पडलं आणि पाऊस कोसळला.

वरच्या चौकातून लोंढा आला. अक्का दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशी शिव्या नाहीत, काही नाहीत. पाणी पहिल्या खिंडारातून आत वळलं, वाफा भरला, उरलेलं पुढच्यात गेलं. अक्कांच्या दाराशी आलं ते वीतभर लांब थांबलं, घुटमळलं आणि हळूहळू मागं सरलं. पेठेत शिट्ट्या वाजल्या! अध्यक्ष चिखलात नाचले. अक्कांनी फोन लावला. "महेशा, तुझा फ्लॅट लई चांगला हाय. पर मी हितंच ऱ्हानार."

त्यानंतरच्या पावसाळ्यांतही दुकान कोरडं राहिलं. गेल्या वर्षी अक्का गेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होत्या. अंत्ययात्रा पेठेतूनच निघाली. दुकानाच्या पाटीवर नाव अजून त्यांचंच होतं. आम्ही सगळे रडलो, पण छाती फुगवून रडलो.